४जी सिमवरून ड्रोनची टेलिमेट्री : केळीच्या पट्ट्यात दीड किलोमीटरची लिंक टिकत नाही

केळीपट्टा_रावेर (प्रश्न)

राम राम मंडळी. सावदा-फैजपूर भागात केळीच्या सलग बागांचं वरून सर्वेक्षण करायचं आहे. पट्टा १.५ किमी लांब, ४०० मीटर रुंद. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा प्रकल्प आहे, शेतकरी उत्पादक कंपनी सोबत आहे.

क्वाडकॉप्टर, कॅमेऱ्यासह ४.२ किलो. क्यूब ऑरेंज हा उड्डाण-नियंत्रक, त्यावर आर्डूकॉप्टर हे सॉफ्टवेअर. ६ एस (सहा सेलची) १६,००० एमएएच लायपो बॅटरी, एका जागी तरंगताना ड्रोन साधारण ३० अँपिअर ओढतो. सर्वेक्षणाची उंची ६० मीटर. रिमोट आणि टेलिमेट्री (ड्रोनची जागा, बॅटरी वगैरेंची जमिनीवर येणारी माहिती) दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर.

बांधावर उभं राहून उडवलं की ७००-८०० मीटरपासून टेलिमेट्री तुटायला लागते, १.१ किमीवर रिमोटही जातो आणि ड्रोन परत फिरतो. म्हणून ४जी लावायचं ठरवलं. रास्पबेरी पाय ४ (छोटा संगणक) आणि ४जीचं यूएसबी डोंगल घेतलंय. रास्पबेरीवरून बाहेर पिंग जातो, पण लॅपटॉपवरून रास्पबेरीपर्यंत काहीच पोहोचत नाही. सिमला मिळालेला आयपी १०० ने सुरू होतो.

विचारायचंय ते असं : हा आयपीचा घोळ कसा सोडवायचा? ४जीवरून थेट रिमोटच्या काड्या हलवून उडवता येईल का? हवेत नेटवर्क गेलं तर ड्रोन काय करेल, आणि काय करायला हवं? कॅमेऱ्याचं थेट चित्रही त्याच सिमवरून येईल का?

---

अँटेना_अमळनेर

भाऊ, ४जीकडे जाण्याआधी मूळ दुखणं बघा. दीड किलोमीटर हे अंतर साध्या रेडिओला जड नाही. तुमचा जमिनीवरचा अँटेना केळीत बुडालेला आहे. उभी केळी अडीच-तीन मीटर, पानं रुंद आणि पाण्याने भरलेली. २.४ गिगाहर्ट्झला पाण्याइतका दुसरा वैरी नाही. ड्रोन ६० मीटरवर असला तरी दीड किलोमीटरवर तो तुम्हाला क्षितिजापासून सव्वादोन अंशांवरच दिसतो. म्हणजे लहरी तुमच्याजवळची पन्नास-साठ मीटर बाग आडवी कापूनच तुमच्यापर्यंत येतात.

नुसती नजर जाते एवढ्याने भागत नाही, नजरेच्या रेषेभोवतीही मोकळी जागा लागते. २.४ गिगाहर्ट्झवर दीड किलोमीटरच्या मध्यावर तिची त्रिज्या जवळपास ७ मीटर भरते. टोकांकडे ती कमी होत जाते, पण बांधावर छातीपाशी धरलेल्या रिमोटला तीही मिळत नाही.

उपाय स्वस्त आहे. बागेतल्या पत्र्याच्या शेडवर किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जीआय पाइप रोवा, अँटेना जमिनीपासून ६ मीटरवर न्या. लॅपटॉप खाली ठेवून वरपर्यंत पातळ कोॲक्स केबल मात्र ओढू नका. आरजी-५८ केबल २.४ गिगाहर्ट्झवर मीटरमागे जवळपास १ डीबी खाते, सहा मीटरमध्ये कमावलेलं सगळं गमावून बसाल. रेडिओच पाइपच्या टोकाला बांधा आणि खाली यूएसबी किंवा सिरियलची वायर आणा. साधा दांड्याचा अँटेना उभाच ठेवा. त्याचं टोक ड्रोनकडे रोखलं तर नेमका तिथेच सिग्नल सर्वात कमी असतो.

टेलिमेट्री बदलणार असाल तर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा रेडिओ घ्या. आपल्याकडे हा पट्टा परवानामुक्त आहे. ऑनलाइन ९१५ मेगाहर्ट्झचे सेट सर्रास मिळतात, ते घेऊ नका. त्यांचा पट्टा ९०२ पासून सुरू होतो आणि ९१५ पर्यंतचा भाग मोबाईल कंपन्यांच्या ९०० बँडच्या अपलिंकवर (फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या पट्ट्यावर) चढतो. नियमातही बसत नाही आणि टॉवरलाही त्रास. एक्सप्रेसएलआरएस या लांब पल्ल्याच्या पद्धतीचा रिमोट घेतलात तर त्यात भारतासाठी ८६६ चा पर्याय आहे, तो निवडूनच फर्मवेअर भरा.

४जी लावा, जरूर लावा. पण दुसरी वाट म्हणून. रिमोट काढून टाकू नका.

---

तापीकाठ_लिनक्स

आयपीचं सांगतो. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे आयपी कंपनीच्या आतल्या जाळ्यातले असतात. शेकडो ग्राहकांना मिळून बाहेर एकच सार्वजनिक आयपी दिसतो. तुमच्या सिमकडून बाहेर जाता येतं, बाहेरून आत येता येत नाही. डोंगलवर पोर्ट उघडून काही होणार नाही, कारण अडवणारा दरवाजा कंपनीकडे आहे. त्यात बरीच डोंगलं स्वतःच छोटा राउटर असतात, म्हणजे दोन दरवाजे.

म्हणून दोन्ही बाजूंनी बाहेर जायचं आणि मध्ये भेटायचं. मुंबईच्या डेटा सेंटरमधला सर्वात लहान लिनक्स सर्व्हर भाड्याने घ्या, एक कोअर आणि अर्धा-एक जीबी रॅम पुरेशी आहे. त्यावर वायरगार्ड (इंटरनेटमधून खाजगी बोगदा काढणारं सॉफ्टवेअर) बसवा. ड्रोनवरची रास्पबेरी आणि तुमचा लॅपटॉप दोघंही त्या सर्व्हरला जोडले जातील आणि एकमेकांना बोगद्यातल्या आयपीने ओळखतील. सर्व्हर सिंगापूर किंवा युरोपात घेऊ नका, प्रत्येक पॅकेट उगाच समुद्र ओलांडून येईल. सर्व्हर सांभाळायचा नसेल तर टेलस्केल किंवा झिरोटियर हेच काम करतात. फक्त दोन्ही बाजू कंपनीच्या जाळ्यात अडकलेल्या असल्या की ते कधी कधी स्वतःच्या दूरच्या रिले सर्व्हरवरून जातात आणि पिंग (पॅकेटला जाऊन यायला लागणारा वेळ) अचानक तिप्पट होतो. तो बघत राहा.

वायरगार्डमध्ये चार गोष्टी चुकतात.

कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारा ठरावीक वेळाने जाणारा संदेश) २५ सेकंद ठेवा, ड्रोनच्या बाजूलाही आणि लॅपटॉपच्या बाजूलाही. नाही ठेवलं तर थोडा वेळ शांतता झाली की कंपनीचं जाळं तुमची नोंद पुसतं आणि सर्व्हरकडून येणारी पॅकेटं हरवतात.

एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १२८० करा. मोबाईल नेटवर्कवर मोठी पॅकेटं मधेच गडप होतात. लक्षण ओळखीचं आहे : पिंग चालतो, टेलिमेट्री चालते, पण लॉग उतरवायला घेतला की सगळं ठप्प.

बोगद्यातून फक्त बोगद्याचाच आयपी पट्टा पाठवा, सगळं इंटरनेट नको. कारण रास्पबेरी पाय ४ ला स्वतःचं घड्याळ नाही. वीज गेल्यावर ती मागची वेळ घेऊन उठते, आणि वायरगार्डचा सर्व्हर आधी पाहिलेल्या वेळेपेक्षा जुन्या वेळेची हातमिळवणी नाकारतो. वेळ दुरुस्त करायला इंटरनेट हवं, इंटरनेट बोगद्यातून, आणि बोगदा वेळेअभावी बंद. दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात. डीएस३२३१ घड्याळाचं छोटं मॉड्यूल लावलं की हा प्रश्न मुळातून जातो.

आणि सर्व्हरच्या फायरवॉलवर वायरगार्डचं यूडीपी पोर्ट आणि किल्लीवरचं एसएसएच सोडून बाकी सगळं बंद. मावलिंक, म्हणजे ड्रोन आणि लॅपटॉप ज्या भाषेत बोलतात ती, उघड्यावर धावतं, त्यात गुप्तता नाही. १४५५० पोर्ट इंटरनेटला खुलं ठेवलं तर सापडणारा कोणीही तुमच्या ड्रोनला हुकूम देऊ शकतो. मावलिंक २ मध्ये सही करायची सोय आहे, तीही सुरू करा.

आता तारा. क्यूबचं टेलेम २ पोर्ट आणि रास्पबेरीचे ८ व १० नंबरचे पिन, टीएक्स-आरएक्स उलटसुलट जोडायचे, ग्राउंड ६ नंबरला. दोन्हीकडे ३.३ व्होल्टचा सिग्नल आहे, मध्ये कन्व्हर्टर लागत नाही. टेलेम पोर्टचा ५ व्होल्ट मात्र रास्पबेरीला देऊ नका. रास्पबेरीला ५ व्होल्ट ३ अँपिअर हवा. मॉडेमला दूरचा टॉवर पकडताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत झटका लागू शकतो. दोघांना मिळून ५ व्होल्ट ५ अँपिअरचा स्वतंत्र बीईसी (बॅटरीचा व्होल्टेज उतरवणारं सर्किट) द्या, आणि मॉडेमच्या तोंडाशी १००० मायक्रोफॅरडचा कमी ईएसआरचा (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर. टेबलावर नीट चालणारं आणि हवेत दर पाच मिनिटांनी रीसेट होणारं डोंगल दिसलं की नेटवर्कला दोष देण्याआधी ५ व्होल्ट मोजा.

रास्पबेरीवर सिरियल कन्सोल बंद करा आणि ब्लूटूथही बंद करा. पाय ४ मध्ये चांगला यूआर्ट (सिरियल पोर्ट) ब्लूटूथकडे गेलेला असतो. बाहेरच्या पिनांवर मिनी-यूआर्ट येतो, त्याचा वेग प्रोसेसरच्या घड्याळाबरोबर हलतो आणि मोठ्या बॉड रेटवर कचरा वाचला जातो. क्यूबमध्ये सिरियल २ चा प्रोटोकॉल २, बॉड ९२१ (म्हणजे ९,२१,६००), आणि तीनच तारा असल्यामुळे टेलेम २ चा हार्डवेअर फ्लो कंट्रोल शून्य.

मधलं सॉफ्टवेअर म्हणून मावलिंक-राउटर घ्या. एक टोक सिरियल, दुसरं टोक लॅपटॉपच्या बोगद्यातल्या आयपीवर यूडीपी १४५५०. टीसीपी नको. टीसीपी हरवलेलं पॅकेट परत मिळेपर्यंत मागचं सगळं रोखून धरतं. नेटवर्क चार सेकंद अडलं तर सुटल्यावर चार सेकंदांपूर्वीची जागा आणि दिशा क्रमाने ओतली जाते. यूडीपीत गेलं ते गेलं, पुढचं ताजं येतं. ड्रोनला ताजंच हवं.

डेटा अगदी कमी लागतो. ५७,६०० बॉडची जुनी टेलिमेट्री पूर्ण भरली तरी सेकंदाला साडेपाच केबी, म्हणजे तासाला २० एमबी. ९२१ वर प्रवाह मोकाट सोडला तर उगाच वाढतो, म्हणून स्थिती सेकंदाला ४ वेळा, जीपीएस २ वेळा, बाकी १ वेळा ठेवा.

---

धुळे_एरो

काड्या हलवून उडवण्याबद्दल. नाही. ४जीवर सरासरी जाणं-येणं ५० ते १०० मिलिसेकंद दिसतं आणि माणूस फसतो, कारण सरासरीने अपघात होत नाही. एका टॉवरवरून दुसऱ्यावर जाताना अर्धा सेकंद, कधी दोन-तीन सेकंदांची खिंड पडते. चित्र आणखी उशिरा येतं : कॅमेरा, एन्कोडर, नेटवर्क, डिकोडर मिळून ३०० ते ७०० मिलिसेकंद. ८ मीटर प्रतिसेकंद वेगाने जाणारा ड्रोन तेवढ्यात पाच मीटर पुढे गेलेला असतो. तुम्ही पडद्यावर पाहता ती तार मागे पडलेली असते.

लांबच्या अंतरावर ड्रोन स्वतः उडतो. तुम्ही मिशन (आधी आखलेला मार्ग) चढवता, थांब म्हणता, परत ये म्हणता, बघत राहता. ऑटो (मिशन चालव), गाइडेड (सांगितलेल्या जागी जा), आरटीएल (निघाला तिथे परत ये), ब्रेक, लँड एवढेच हुकूम ४जीवरून द्या. हे पटलं की बाकीची सगळी मांडणी आपोआप बदलते, कारण मग प्रश्न एवढाच उरतो : मी अजिबात नसलो तर तो नीट घरी येईल का?

त्यासाठी फेलसेफ, म्हणजे संपर्क तुटला की ड्रोनने आपोआप घ्यायची कृती. जमिनीवरच्या स्टेशनचा, म्हणजे लॅपटॉपचा, हार्टबीट ('मी आहे' असा सतत येणारा संदेश) ५ सेकंद आला नाही की आर्डूकॉप्टर फेलसेफ घेतो, पण एफएस_जीसीएस_एनेबल शून्य असेल तर काहीच घेत नाही. १ केलं की आरटीएल.

इथे एक सापळा आहे. रास्पबेरीवर मावलिंक-राउटरऐवजी मावप्रॉक्सी चालवलं तर मावप्रॉक्सी स्वतःच जमिनीवरचं स्टेशन असल्यासारखा हार्टबीट पाठवतं, तोही २५५ या नेहमीच्या ओळखक्रमांकाने. ड्रोनवरच बसलेला 'मालक' कायम हजर! नेटवर्क तुटून दहा मिनिटं झाली तरी क्यूबला वाटतं सगळं ठीक आहे. तसंच, शेतात एक लॅपटॉप आणि महाविद्यालयात दुसरा, दोन्ही २५५ असतील तर शेतातला गेल्याचं कळतच नाही. एकालाच २५५ ठेवा, दुसऱ्याला वेगळा क्रमांक.

आरटीएल हवं की मिशन चालू ठेवावं? एफएस_ऑप्शन्समध्ये २ ची किंमत दिली तर ऑटोमध्ये असताना स्टेशन तुटलं तरी मिशन चालू राहतं. ड्रोन डोळ्यांसमोर आहे आणि रिमोटची लिंक मजबूत आहे, तर हे ठेवा. नाहीतर पाच सेकंदांहून मोठ्या प्रत्येक खिंडीला तो अर्ध्या ओळीवरून परत फिरेल आणि फोटोंचा ओव्हरलॅप बिघडेल. रिमोट पोहोचत नसेल तर ठेवू नका.

परतीची उंची आजूबाजूच्या सर्वात उंच वस्तूवर ठरवा. त्या भागातून दीपनगरच्या वीज केंद्राकडच्या उच्चदाब वाहिन्या जातात, त्यांचे मनोरे नारळाच्या झाडापेक्षा खूप उंच. मूळ सेटिंग १५ मीटर असतं, ते तुमच्या ६० मीटरवर न्या. पॅरामीटर सेंटीमीटरमध्ये आहे की मीटरमध्ये ते आपल्या आवृत्तीत बघून भरा. ६० सेंटीमीटर भरलेली परती कल्पना करा.

बॅटरीचा हिशेब टक्क्यांवर ठेवू नका, असा करा. परतीचं अंतर १५०० मीटर. वैशाखातला पश्चिमेचा वारा समोरून आला आणि जमिनीवरचा वेग ४ मीटर प्रतिसेकंदावर आला असं धरा : ३७५ सेकंद. ३० अँपिअरने ३१२५ एमएएच. ६० मीटरवरून उतरायला जवळपास एक मिनिट, ५०० एमएएच. लायपोच्या तळाचे २० टक्के हात लावायचे नाहीत, ३२०० एमएएच. बेरीज ६८२५. म्हणजे बॅट_लो_एमएएच ६८००, आणि त्यावर कृती आरटीएल. वापरायला १६,००० पैकी ९२०० उरतात, १८ मिनिटं. पट्टा एका उड्डाणात होत नसेल तर दोन उड्डाणं करा, हा आकडा ओढून कमी करू नका.

कुंपणही घाला. बहुकोनी कुंपण बागेच्या हद्दीबाहेर ३० मीटरपर्यंत, उंची ११० मीटर, ओलांडलं की आरटीएल. कुंपणाला नेटवर्क लागत नाही, म्हणून ते शेवटपर्यंत साथ देतं.

हे सगळं पंखे लावून तपासायचं नाही. आर्डूपायलटचा सिम्युलेटर रास्पबेरीवरच चालवा, लॅपटॉप खऱ्या ४जीवरून जोडा, मिशन सुरू करा आणि वायरगार्ड बंद करा. पाच सेकंदांनी मोड बदलला पाहिजे. नंतर लिनक्सच्या टीसी-नेटेमने ३०० मिलिसेकंद उशीर आणि ५ टक्के पॅकेट गळती घाला आणि मिशन चढवून बघा. तीच रास्पबेरी डब्यात घालून मोटरसायकलवर सावदा ते यावल न्या, टॉवर बदलताना किती सेकंदांच्या खिंडी पडतात ते लॉगमध्ये दिसेल.

---

नियम_नंदुरबार

तांत्रिक चर्चा उत्तम चालली आहे, पण कायद्याची बाजू अजून कोणी काढली नाही म्हणून लिहितो.

२५ ऑगस्ट २०२१ पासून ड्रोन नियम २०२१ लागू आहेत. ४.२ किलो म्हणजे तुमचा ड्रोन २ ते २५ किलोच्या स्मॉल वर्गात. त्याला टाइप सर्टिफिकेट (मॉडेलची मान्यता), नोंदणीचा यूआयएन (ओळखक्रमांक) आणि उडवणाऱ्याला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं. संशोधनासाठी सूट आहे आणि शिक्षणसंस्था त्यात येतात. पण ती सूट ग्रीन झोनमध्ये (जिथे उड्डाणाआधी परवानगी लागत नाही) आणि संस्थेच्या ताब्यातल्या आवारापुरतीच. महाविद्यालयाच्या मैदानावर ४जीचे प्रयोग करा. शेतकऱ्याची बाग हे तुमचं आवार नाही, तिथे सूट लावता येणार नाही.

दुसरं, ४जी लावलं म्हणून नजरेबाहेर उडवायची मुभा मिळत नाही. नजरेच्या टप्प्यापलीकडचं उड्डाण सरसकट खुलं नाही, त्याला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची वेगळी मंजुरी लागते. तेलंगणात विकाराबादला २०२१ मध्ये ड्रोनने औषधं नेण्याच्या चाचण्या झाल्या त्या अशा खास परवानगीने. तुमच्या पट्ट्यात सोपा मार्ग आहे : पायलटला टोकाला न उभं करता पट्ट्याच्या मध्यावर शेडवर उभं करा. दोन्हीकडे ७५० मीटर. एवढ्या अंतरावर ४.२ किलोचा ड्रोन ठिपक्यासारखा दिसतो, म्हणून दोन्ही टोकांना वॉकीटॉकी किंवा फोनवर एकेक निरीक्षक ठेवा. तरीही दिसेनासा झाला तर दोन तुकडे करा. परतीचं अंतर अर्ध्यावर येतं, वरचा बॅटरीचा हिशेबही सैल होतो.

तिसरं, डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा प्रत्येक वेळी उघडा. जळगाव विमानतळाच्या हद्दीपासून ८ किमीच्या आत ग्रीन झोन नाही, ८ ते १२ किमीत फक्त २०० फुटांपर्यंत, म्हणजे ६० मीटर. त्यापुढे ४०० फूट. भुसावळ आणि वरणगावला आयुध निर्माणी आहेत, त्या बाजूला सरकण्याआधी नकाशा बघाच. उत्तरेला पट्टा संपला की यावल अभयारण्य सुरू होतं, तिथे वनविभागाची परवानगी वेगळी. नियम मोडला तर एक लाखापर्यंत दंड आहे.

---

केळीपट्टा_रावेर

सगळ्यांचे मनापासून आभार. पायलट मध्यावर उभा करणं आणि ६ मीटरचा पाइप, दोन्ही पटलं. बागेवर यूआयएन असलेला ड्रोन आणि प्रमाणपत्र असलेला पायलट घेऊ, आमचा ड्रोन तोवर महाविद्यालयाच्या मैदानावर.

मैदानावर ४जीची मोजणी केली. जमिनीवर आरएसआरपी (सिग्नलचा जोर) उणे ९८ डीबीएम, एसआयएनआर (सिग्नलचा दर्जा) १४ डीबी. ६० मीटरवर आरएसआरपी उणे ८४, पण एसआयएनआर फक्त २! दहा मिनिटांत सेल (टॉवरचा विभाग) ३१ वेळा बदलला. सिग्नल वाढला आणि दर्जा पडला, हे कसं? आणि ७२० पीचं चित्र वर गेल्यावर अडकतं.

---

सातपुडा_सिग्नल

बराबर शे भाऊ, असंच व्हायला पाहिजे. टॉवरचे अँटेना खाली झुकवलेले असतात, कारण ग्राहक जमिनीवर आहेत. जमिनीवर झाडं, घरं, टेकाडं दूरचे टॉवर झाकतात आणि तुम्हाला जवळचा एकच जोरात ऐकू येतो. ६० मीटरवर तापीच्या सपाट खोऱ्यात आडोसा कसलाच नाही. दहा-पंधरा टॉवर एकदम दिसतात, सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतात. आरएसआरपी तुमच्या टॉवरचा जोर सांगतो, एसआयएनआर सांगतो की त्या गलक्यात त्याचा आवाज किती वेगळा ऐकू येतो. शिवाय तुम्ही मुख्य झोतात नसून त्याच्या बाजूच्या बारीक झोतांमध्ये असता, ते दर काही मीटरला बदलतात, म्हणून ३१ वेळा सेल बदलला. मोबाईलवरच्या रेंजच्या काड्या इथे काही कामाच्या नाहीत.

एसआयएनआर २ टेलिमेट्रीला पुरतो. सेकंदाला पाच केबीच पाठवायचे आहेत, नेटवर्क मजबूत कोडिंग लावून तेवढं ओढून नेतं. मारतात त्या सेल बदलतानाच्या खिंडी. म्हणून सरासरी बघू नका. लॉगमधून एक सेकंदापेक्षा मोठ्या खिंडी किती आणि सर्वात मोठी किती सेकंदांची, एवढे दोन आकडे काढा. सर्वात मोठी ३ सेकंदांची असेल तर ५ सेकंदांचा फेलसेफ योग्य आहे. ६ ची निघाली तर मर्यादा वाढवायचा मोह होईल, त्याआधी खिंड कमी करायचा प्रयत्न करा.

कसा? बँड लॉक करून. उदाहरणार्थ जिओचं ४जी बँड ३, ५ आणि ४० वर चालतं, म्हणजे १८००, ८५० आणि २३०० मेगाहर्ट्झ. मॉडेम मोकळा सोडला तर तो तिन्हींत उड्या मारतो. एकेक बँड लॉक करून २०, ४०, ६० आणि ९० मीटरवर दोन-दोन मिनिटं तरंगत ठेवा, दर सेकंदाला सेलचा क्रमांक, आरएसआरपी, एसआयएनआर आणि पिंग नोंदवा. कोणता बँड जिंकेल हे कागदावर ठरत नाही, त्या भागातल्या टॉवरच्या मांडणीवर ठरतं. घरगुती डोंगलमध्ये बँड लॉक बहुधा होत नाही. क्वेकटेल ईसी२५ किंवा सिमकॉम ७६०० सारखं मॉड्यूल घ्या, त्यात ए-टी कमांडने बँडही लॉक होतो आणि हे सगळे आकडेही मिळतात, शिवाय बाहेरचे दोन अँटेना लावता येतात.

अँटेना एकमेकांशी काटकोनात, पायांच्या टोकांकडे, कार्बन फायबरच्या पट्टीला चिकटवू नका, ती सिग्नल अडवते. जीपीएसपासून जितके लांब जमतील तितके. १८०० बँडचं अपलिंक १७१० मेगाहर्ट्झपासून सुरू होतं आणि जीपीएस १५७५ वर ऐकतं, तेही अतिशय क्षीण. मॉडेम जोरात बोलायला लागला की जीपीएसचे कान दबतात. तपासायला सोपं : मॉडेम बंद ठेवून उपग्रहांची संख्या आणि एचडॉप (जागेच्या अचूकतेचा आकडा) लिहा, मग मोठी फाइल अपलोडला लावून परत लिहा. तीन-चार उपग्रह गळाले तर जागा बदला. डोंगल ठेवणारच असाल तर निळ्या यूएसबी ३ पोर्टला लावू नका, त्या पोर्टचा गोंगाट वेगळा.

चित्राचं : अपलिंक कमी आहे, डाउनलिंक नव्हे. हवेत मोजलेल्या अपलोडच्या अर्ध्यापेक्षा जास्त बिटरेट देऊ नका. अपलोड १.६ एमबीपीएस मिळत असेल तर ८०० केबीपीएस, ६४० बाय ४८०, १५ फ्रेम, दर सेकंदाला एक की-फ्रेम. तासाला ३६० एमबी. बिटरेट अपलोडच्या वर गेला की मॉडेमच्या रांगेत चित्राची पॅकेटं साचतात आणि त्यांच्या मागे टेलिमेट्री अडकते. म्हणजे चित्रामुळे नियंत्रण जातं. टीसीने मावलिंकला पहिला मान द्या, किंवा चित्राला दुसरं सिम. आणि पाय ५ घ्यायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, त्यात एच २६४ चा हार्डवेअर एन्कोडर नाही, पाय ४ मध्ये आहे.

दोन सिम लावलीत तर दोन कंपन्यांची लावा, पण आधी बघा की त्यांचे अँटेना एकाच मनोऱ्यावर नाहीत ना. फीडरची वीज जाऊन मनोऱ्याची बॅटरी संपली की दोन्ही एकदम जातात. दोन्ही वाटांनी तेच पॅकेट दोनदा येतं, त्यासाठी मावलिंक-राउटरमध्ये दुहेरी पॅकेटं गाळायची सोय आहे, ती सुरू करा.

---

केळीपट्टा_रावेर

समजलं. ईसी२५ मागवतो. एक शेवटचं, एप्रिल-मेमध्ये दुपारी चालेल का?

---

तापीकाठ_लिनक्स

भुसावळ-रावेरकडे सावलीत ४५ अंश असतं तेव्हा उन्हात ठेवलेल्या काळ्या डब्यात सहज ६५ होतं. रास्पबेरी ८० अंशांना वेग कमी करते, आणि मॉडेमचंही तसंच, तापला की आधी प्रक्षेपणाची ताकद उतरवतो आणि मग नेटवर्क सोडतो. हवेत पंख्यांचा वारा मिळतो, त्रास होतो तो जमिनीवर मिशन चढवत बसताना. डबा पांढरा, खालून-वरून जाळीची भोकं, मॉडेमला थर्मल पॅडने ॲल्युमिनियमची पट्टी. लायपो गाडीच्या डिकीत ठेवू नका, थर्मोकोलच्या पेटीत न्या.

उड्डाण सकाळी साडेआठ ते साडेदहा ठेवा. त्याआधी सावल्या लांब पडतात आणि केळीच्या ओळी एकमेकींवर चढलेल्या दिसतात, त्यानंतर वारा आणि भोवरे सुरू होतात. संध्याकाळी सात-आठनंतर गावातले सगळे फोनवर बसलेले असतात, तेव्हाची अपलोडची मोजणी सकाळच्या उड्डाणाला लावू नका. ज्या वेळी उडवणार त्याच वेळी मोजा, आणि मॉडेम बदलला की मोजणी पहिल्यापासून.